काम देतो म्हणून मशीन विकणारे: माझे ८,४१,१०० रुपये कसे गेले

आधी आकडे सांगतो. मशीन ६,२५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१२,५००, म्हणजे ७,३७,५००. 'ऑर्डरची अनामत' ७५,०००. ॲल्युमिनियमचे तुकडे ५७,४००. एकूण ८,६९,९०० रुपये मशीन विकणाऱ्या पार्टीच्या घशात गेले. त्यातले २८,८०० त्यांनी परत दिले, तेही पुढचं गिळता यावं म्हणून. उरले ८,४१,१००. टेम्पो, क्रेन, शेडचा कोबा, १४,५०० चा स्टॅबिलायझर हे मी यात धरलेलंच नाही.

'मशीन आमच्याकडून घ्या, काम आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू.' हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. कापसाच्या वाती, अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, यात आपल्याकडची किती घरं बसली ते वेगळं सांगायला नको. मलाही माहीत होतं. पण सीएनसी मिलवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, गाड्यांचे पार्ट काढायचे, त्यातही कोणी हेच करेल असं वाटलं नाही. इथे फसवायचं तर फसवणाऱ्यालाही मशीन कळावी लागते. याला कळत होती.

मी काही शेतातून उठून थेट मशीन घ्यायला गेलो नव्हतो. आयटीआय टर्नर आहे, बुटीबोरीच्या एमआयडीसीत बरीच वर्षं आधी लेथवर (तुकडा फिरवून कातायची मशीन) आणि मग व्हीएमसीवर (कारखान्यातली मोठी सीएनसी मिल) ऑपरेटर होतो. बाबांचे गुडघे गेले, कपाशी-सोयाबीन पाहायला घरी कोणी नाही, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आलो. हातात कसब आहे, त्यावर गावात बसून चार पैसे मिळावेत एवढंच डोक्यात होतं. लोक आता म्हणतात लालच केली. लालच कसली? जिप्सी, जिमनीवाले चाकं थोडी बाहेरच्या बाजूला यावीत म्हणून स्पेसर, म्हणजे चाक आणि हबमध्ये बसणारी जाड चकती, लावतात, हे खरं आहे. छोट्या मिलवर स्पेसर निघतो, हेही खरं. २.२ किलोवॅटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) व्हीएफडी (सिंगल फेजवरून मोटर चालवणारा ड्राइव्ह) लावून घरच्या सिंगल फेजवर फिरतो, थ्री फेजची वाट पाहत बसावं लागत नाही, हेही खरंच. त्या माणसानं सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. सगळ्यात मोठी खोटी ही होती: हे पार्ट घेणारं गिऱ्हाईक आपल्याकडे आहे म्हणाला, ते.

पार्टी पुण्याकडची. भाड्याचा गाळा, दोन मशीन, कोपऱ्यात जुनी लेथ. डेमोला त्यानं जिमनीच्या स्पेसरचा प्रोग्रॅम लावला: पाच होल, पीसीडी (होल ज्या वर्तुळावर पडतात त्याचा व्यास) १३९.७ मिमी, मधला बोअर म्हणजे मोठं गोल भोक १०८ मिमी. होल पडेपर्यंत मी मशीनसमोर उभा होतो. मग चहा आला, ऑफिसात बसवलं, आणि थोड्या वेळानं त्याच्या पोऱ्यानं 'हा घ्या तुमचा पीस' म्हणून कापडात गुंडाळलेला तयार तुकडा हातात दिला.

रोज रात्री मी याच जागेवर येऊन अडकतो. त्या तुकड्याच्या फेसवर मधून बाहेर जाणाऱ्या सलग गोल रेघा होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. एंडमिल, म्हणजे मिलचा फिरणारा कटर, तशा रेघा सोडत नाही. एंडमिलच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या, अर्धगोल असतात, आणि दोन पास जिथे भेटतात तिथे नखाला लागेल अशी बारीक कड राहते. शिवाय तुकड्याच्या बाहेरच्या कडेला तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर, जॉचा (तुकडा पकडणाऱ्या चकच्या दाढेचा) दाब उमटला होता. तीन जॉचा चक म्हणजे लेथ. मी टर्नर माणूस, असे तुकडे आयुष्यभर काढले. बोट फिरवताच कळलं, आणि मी गप्प बसलो नाही, तिथेच विचारलं, 'हे तर लेथवर मारलेलं दिसते.' तो जराही अडखळला नाही. 'हो भाऊ, फेस आन ओडी (बाहेरचा व्यास) आपण लेथवर फिनिश करतो, कस्टमरला चमक लागते. तुम्हाला नाही करावं लागणार.'

सांगा, यात न पटण्यासारखं काय आहे? चांगल्या चांगल्या कारखान्यांत असं करतात. पुढचा प्रश्न ओठावर होता, की बाबा, बोअर तरी मिलवरचा आहे का, असेल तर बोअर डायल (बोअर मोजायचं गेज) घालून दाखव. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीतल्या 'गिऱ्हाइकानं' चेक फाडून दिला, 'या महिन्यात दोनच मशीन उरल्या' सुरू झालं आणि बोलणं ॲडव्हान्सवर गेलं. तो चेक फाडणारा त्यांचाच माणूस होता, याबद्दल आता मला शंका नाही.

डेमोचा तुकडा ब्लँक (कोरा तुकडा) बांधल्यापासून सुटेपर्यंत मशीनसमोरून हलू नका. क्लॅम्प स्वतःच्या हातानं सोडवा. चहा नंतर.

कर्ज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून केलं. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के सबसिडी, ती तीन वर्षं बँकेत अडकून राहते, १० टक्के आपले. बँकेनं ७,३७,५०० थेट पार्टीच्या खात्यावर टाकले. अनामत मात्र एका बाईच्या नावच्या बचत खात्यावर मागितली, 'मार्च एंड आहे, कंपनीचं खातं ऑडिटला लावलंय' म्हणून. ते ७५,००० माझ्या साळ्याच्या कापसाचे होते. मशीनचे पैसे घेणारा कामासाठी वर अनामत मागत असेल, तर तिथूनच उठा. आणि व्यक्तीच्या बचत खात्यावर, कारण काहीही सांगोत, एक रुपया टाकू नका.

पहिली ऑर्डर आली १२० स्पेसरची. मटेरियल त्यांचं, मजुरी पीसमागे २४० रुपये. मी दिवसरात्र बसून माल काढला, पाठवला, आणि आठवड्यात २८,८०० खात्यात जमा. एकही पीस रिजेक्ट नाही. नव्या मशीनचा पहिला लॉट, नवा ऑपरेटर, आणि १२० पैकी १२० पास! बुटीबोरीत आमचा क्वालिटीवाला पहिल्या पीसचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय दुसरा पीस लावू देत नसे. इथे कोणी रिपोर्ट मागितलाच नाही. ड्रॉइंगवर बोअर १०८ एवढंच लिहिलेलं, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) कुठेच नाही. ज्याला माल खरंच गाडीला लावायचा आहे तो बोअरला टॉलरन्स दिल्याशिवाय राहील का? पण खात्यात पैसे पडलेले असताना ड्रॉइंगकडे कोण पाहतो. घरात पहिल्यांदा मशीनचे पैसे आले होते, बायकोनं देवापुढे नारळ फोडलं.

त्याच दिवसांत मला अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. 'तुमचा नंबर कंपनीनं दिला, अनुभव कसा आहे?' मी सांगितलं, पैसे वेळेवर मिळाले. तेव्हा खरं होतं तेच सांगितलं. माझ्या शब्दावर कोणी पैसे भरले असतील तर त्याचा त्रास मला आजही होतो, पण मी खोटं बोललो नव्हतो. पार्टीनं दिलेल्या नंबरवर फोन करून चौकशी झाली असं समजू नका. पहिलं पेमेंट मिळालेला माणूस चांगलंच बोलणार. ज्याच्याकडे मशीन वर्षभर आहे तो शोधा, आणि तो स्वतः शोधा.

दुसऱ्या ऑर्डरला अट बदलली. '८० पीस, पण आता मटेरियलसकट करा, रेट १,३५० देतो.' म्हणजे १,०८,००० ची ऑर्डर. ६०६१ टी६ ॲल्युमिनियम मात्र त्यांच्याचकडून घ्यायचं, 'ग्रेड एकसारखा राहावा म्हणून'. १४० किलो, ४१० रुपये किलो, ५७,४००. पैसे पुन्हा त्याच बचत खात्यावर.

हे मटेरियल कटरला चिकटायला लागलं. ६०६१ ची चिप (कापलेला कीस) मोकळी सुटते. ही एंडमिलच्या दातात लोण्यासारखी भरायची. त्यात बोअर गोल येईना. हात घालून पाहिलं तर दोन ठिकाणी, बरोबर समोरासमोर, बारीक पायऱ्या. ॲक्सिस जिथे उलटा फिरतो तिथे पायरी, म्हणजे बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई), हे ऑपरेटरला सांगावं लागत नाही. फोन केला तर म्हणे, 'तुमच्या गावचं व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर लावा.' लावला. पायऱ्या तशाच. मग टेबलला डायल गेज (सरकणं मोजणारं काट्याचं गेज) लावला, वाय ॲक्सिसमध्ये एक मिमी पुढे, एक मिमी मागे. काटा शून्यावर यायला हवा, ०.१७ वर थांबला. मागचं कव्हर खोललं. कोटेशनमध्ये तिन्ही ॲक्सिसला ग्राउंड बॉलस्क्रू (टेबल बिनढिलाईचं सरकवणारे, गोळ्यांवर चालणारे स्क्रू) लिहिलेले. एक्सला होता. वायला साध्या शिकंज्याला (व्हाइसला) असतो तसल्या चौकोनी आट्यांचा रॉड आणि पितळेचा घासलेला नट. डेमोच्या मशीनचं मागचं कव्हर त्यानं उघडं ठेवलं होतं, त्यात तिन्ही बॉलस्क्रू मी डोळ्यानं पाहिले होते. आलेली मशीन ती नव्हतीच. नेमप्लेट दुहेरी टेपनं चिकटवलेली, आणि तिच्याखाली जुन्या रिव्हेटची चार भोकं पुटीनं भरलेली.

८० पीसचा लॉट 'बोअर ओव्हरसाइज' म्हणून नापास झाला. तक्रार वाढवली तसा फोन बंद. गाळा रिकामा. मालकाला भाडं बाकी.

मग मेहकरकडच्या एकाचा फोन आला. तोही असाच अडकलेला. त्यानं डेमोत मिळालेल्या 'त्याच्या' पीसचा फोटो पाठवला. आतल्या कडेला दोन डॉट पंच, म्हणजे पंचानं ठोकलेले दोन ठिपके. ती माझी खूण आहे; कंपनीत असताना प्रत्येक ऑपरेटरला खूण दिलेली असायची, ती सवय सुटली नाही. माझे १२० स्पेसर कोणत्या गाडीवाल्यासाठी मागवलेले नव्हते. ते पुढच्या गिऱ्हाइकांना डेमोचा माल म्हणून वाटले जात होते. गिऱ्हाईक आम्हीच होतो, आणि ते २८,८०० रुपये नमुने बनवून घेण्याची मजुरी होती.

आता आपली यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'मशीन तं देली ना त्यानं तुम्हाले? मंग फसवणूक कशी?' मी कोटेशन, फोटो, डायलचा व्हिडिओ दाखवला. 'हे दिवाणी मॅटर आहे भाऊ, वकील लावा.' मग 'व्यवहार पुण्यात झाला, तिकडं जा.' १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. मी ते कलम छापून नेलं तर जमादार म्हणाले, 'आता तुम्ही आम्हाले कायदा शिकवता का?' फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. साहेब अजून ४२० वरच बोलत होते. अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. साध्या कागदावर शिक्का मारायला यांचं काय जातं? आठ लाखांसाठी माणूस बाकावर दुपारभर बसतो आणि त्याला पाणी विचारायचंही सुचत नाही यांना. शेवटी रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवला. ठाण्यात नकार मिळाला की हाच रस्ता आहे, आणि तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे जाता येतं. पोचपावतीचा प्रत्येक कागद जपा.

बँकेचा अधिकारी तपासणीला आला तेव्हा मशीनसमोर माझा फोटो काढला, नेमप्लेटवर योजनेचं स्टिकर लावून घेतलं, आणि गेला. तीच टेपची नेमप्लेट. आता म्हणतात, 'कोटेशन तुम्हीच आणलं होतं.' मी आणलं, पण पैसे टाकण्याआधी जीएसटी नंबर कोणी पाहिला? पोर्टलवर लॉगिन न करता दोन मिनिटांत दिसतं: नोंदणी रद्द, आणि रद्द झाल्याची तारीख माझ्या बिलाच्या आधीची. माझ्या जीटूबीत (जीएसटी पोर्टलवरची खरेदी बिलांची यादी) ते बिल कधी आलंच नाही, १,१२,५०० चं क्रेडिट गेलं. तक्रार घेऊन गेलो तर कर कार्यालयात उलट मलाच विचारलं, रद्द नंबरच्या माणसाकडून माल घेतलाच कसा. सबसिडीचं विचारलं तर उत्तर, युनिट चालू दाखवा. कशावर दाखवू? हप्ता मात्र चुकू देत नाहीत, त्याचा मेसेज पाच तारखेच्या आत येतो.

पैसे नुकतेच गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, खातं गोठवण्याची संधी सुरुवातीलाच असते. मशीनबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्यानं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, पाच ते दहा लाखांच्या मोबदल्याला फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं. समोरचा म्हणणार की खरेदी धंद्यासाठी होती. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. म्हणून मशीन तुम्हीच चालवता याचे पुरावे पहिल्या दिवसापासून ठेवा. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) काम सुरू करण्याआधीच करा.

एक गोष्ट पैशाहून मोठी आहे. दुसऱ्या लॉटचा तुकडा मी नागपूरला स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे त्या तपासणीला, दिला. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के हवं, रिपोर्टमध्ये ०.०४ आलं. मऊ, हलक्या जातीचं ॲल्युमिनियम. पहिल्या १२० चं मटेरियल याच पार्टीनं पाठवलेलं होतं, ते वेगळं असेल असं मला वाटत नाही. त्यातले काही पीस बाजारात विकलेही गेले असतील. चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी वस्तू आहे ही. दुसऱ्या लॉटचे ८० माझ्या शेडमध्ये पोत्यात बांधून ठेवलेत, भंगारवाल्याला दिलेले नाहीत. पण बाहेर गेलेल्यांचं काय? जिप्सी किंवा जिमनीला पाच होलचा २५ मिमीचा स्पेसर कोणाकडून स्वस्तात घेतला असेल, तर चाक उतरवून बोअरच्या आतल्या कडेला पाहा. दोन डॉट पंच जवळजवळ दिसले तर तो पीस आजच काढा, गाडी त्यावर चालवू नका. तो फेकू नका, कुठून घेतला त्याचं बिल किंवा पेमेंटचा स्क्रीनशॉट सोबत ठेवा आणि मला कळवा. आयोगापुढे मला तो दाखवायचा आहे.