फॅमिलीसर्च: वर्षभराच्या वापरानंतर, एका जर्मन घराण्याच्या अमेरिकी पिढ्या शोधताना

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत राहते. सासूबाईंच्या माहेरचं घराणं मूळ जर्मनीतलं, आणि त्या घराण्याचा माग काढण्यासाठी गेलं वर्षभर फॅमिलीसर्च वापरते आहे. वंशावळीच्या नोंदी शोधायची ही साइट मॉर्मन चर्च चालवतं, पण कुणीही खातं उघडून ती मोफत वापरू शकतं. माझं मत आधीच सांगते: अमेरिकेतल्या पिढ्यांसाठी साधन उत्तम आहे, पण पूर्वजांचं मूळ गाव शोधायचं असेल तर ते एकटं पुरत नाही.

सुरुवात जवळच्या पिढीपासूनच करावी. अमेरिकी जनगणनेतली नावं 72 वर्षं गुप्त असतात, म्हणून आज 1950 ची शेवटची. ती एप्रिल 2022 मध्ये खुली झाली. तिथे सासूबाईंचे वडील कारखान्यात कामाला दिसतात. 1940 च्या पानावर तर माहिती घरातल्या कुणी दिली, त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते. आजोबांचं 1918 चं लष्करी नोंदणीचं कार्डही सहज मिळालं. सूचीत नाव सापडलं तरी मूळ पानाची प्रतिमा उघडून वाचाच. जुन्या अक्षरांवरून केलेल्या कुठल्याही सूचीत आडनावं बिघडतात. अशा वेळी आडनाव गाळून पहिलं नाव, जन्मसाल आणि गाव एवढ्यावर शोधलं की माणूस हाती लागतो.

सगळ्यात जास्त दिलं ते 1900 च्या जनगणनेने. त्यात जन्माचा महिना आहे, अमेरिकेत आल्याचं साल आहे (यांचं 1881), आणि प्रत्येक विवाहितेला विचारलेले दोन प्रश्न आहेत: मुलं किती झाली, हयात किती? सासूबाईंच्या पणजीपुढे नऊ आणि पाच असे आकडे आहेत. चार मुलांचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. 1880 नंतर जन्मून 1900 च्या आत गेलेलं मूल जनगणनेत सापडणारच नाही, कारण 1890 ची जनगणना 1921 च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. विस्कॉन्सिनच्या 1885 आणि 1895 च्या राज्य-जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. जन्ममृत्यूची नोंदही राज्यात नीट होऊ लागली ती 1907 पासून.

म्हणून ते कुटुंब विस्कॉन्सिनमध्ये ज्या गावात राहायचं, तिथल्या लुथरन (प्रोटेस्टंट) चर्चची दफनवही पाहायला गेले. जर्मनमध्ये, जुन्या कुरेंट लिपीत लिहिलेली. चारही मुलं तिथे होती, नावानिशी, वयासकट. दोन एकाच हिवाळ्यात गेलेली. सासूबाईंनी ती नावं मोठ्याने वाचली. त्याच वहीत त्या पणजीच्या दफनाच्या नोंदीत तिचं जन्मगाव लिहिलेलं होतं, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या पोमेरेनिया प्रांतातलं. जनगणनेत सगळीकडे नुसतं 'प्रशिया' नाहीतर 'जर्मनी' होतं. मूळ गाव हवं असेल तर चर्चच्या वह्यांना पर्याय नाही, असं मी आता ठामपणे सांगेन.

फॅमिलीसर्चवर हल्ली पूर्ण मजकूर शोधण्याची सोय आहे. यंत्र हस्ताक्षर वाचतं, त्यामुळे मृत्युपत्रं आणि जमिनीच्या दस्तांतला कोणताही शब्द शोधता येतो. तिथे मला मुलाच्या नावे शेत करून देणारा दस्त मिळाला. मुलाने आईवडिलांना मरेपर्यंत एक खोली, जळाऊ लाकूड, पीठ आणि एका गायीचं दूध द्यायचं, अशी त्यात अट! जर्मन शेतकऱ्यांची ही रीत अमेरिकेतही बरीच टिकली. केवळ या सोयीसाठीसुद्धा मी ही साइट वापरेन.

दोन गोष्टी माहीत असाव्यात. इथला वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच आहे आणि मृत व्यक्तींची माहिती कुणीही बदलू शकतं, तेव्हा प्रत्येक नोंदीला पुरावा जोडा आणि स्वतःची प्रत वेगळी ठेवा. शिवाय काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जावं लागतं. (मराठी वाचकांच्या उपयोगाचं: हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही याच साइटवर आहेत.)

समुद्रापलीकडे इतर साधनं घ्यावी लागली. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या 1850 ते 1934 च्या याद्यांत आधीचं राहतं गाव असतं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र नष्ट झाल्या. एकाच नावाची अनेक गावं असली तर जर्मन गावांचा मायरचा 1912 चा स्थलकोश नेटवर पाहा, तो गावाचा जिल्हा आणि नोंदणी कचेरी सांगतो. पणजीचं गाव आज पोलंडमध्ये आहे. प्रशियात सरकारी जन्मनोंदणी 1 ऑक्टोबर 1874 ला सुरू झाली, त्यामुळे निघण्याआधी तिथे जन्मलेल्या मुलांसाठी आता पोलंडमधल्या श्चेचिन शहरातल्या अभिलेखागाराच्या वह्या चाळते आहे. पूर्वज जर्मनीतल्या पासाऊकडचे कॅथलिक असतील तर माट्रिकुला या साइटवर चर्चच्या वह्या मोफत दिसतात. प्रोटेस्टंटांसाठी अर्कियॉन ही साइट आहे, पण त्याला वर्गणी पडते. गाव नक्की झाल्याशिवाय ती भरू नका.