गॅरेजच्या भिंतींचे इन्सुलेशन करून घेताना झालेली फसवणूक

घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये बाराही महिने बसून काम करता यावे, यासाठी आम्ही त्याच्या भिंतींना आतून इन्सुलेशन करून घेतले. कंत्राटदाराने सर्व भिंतींत ७५ मिमी जाडीचे रॉकवूल (दगडापासून बनवलेल्या तंतूंचे उष्णतारोधक) भरण्याचे पैसे घेतले; प्रत्यक्षात जिप्सम बोर्डामागे बहुतेक ठिकाणी एक पातळ फॉइल बबल शीट (हवेचे फुगे असलेल्या प्लॅस्टिकवर चकचकीत फॉइल लावलेली) आणि बाकी पोकळी एवढेच होते. इन्सुलेशनचे काम बोर्ड बसताच कायमचे नजरेआड होते आणि या माणसाची सारी पद्धत नेमकी त्या गोष्टीवर उभी होती, म्हणून ती तपशिलाने लिहून ठेवत आहे.

पहिल्या भेटीत त्याने एक प्रयोग दाखवला. उष्णता फेकणारा लाल दिवा लावून त्याच्यासमोर आधी साध्या थर्माकोलचा तुकडा धरला, मग चकचकीत फॉइल शीट धरली आणि दोन्ही वेळा मागे हात ठेवायला सांगितले. फॉइलच्या मागे हाताला काहीच ऊब लागत नव्हती. प्रयोग खोटा नव्हता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा होता. दिव्याची उष्णता हवेतून प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, येते आणि स्वच्छ अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग असे प्रारण ९० टक्क्यांहून अधिक परतवतो. विटेच्या भिंतीतून आत येणारी किंवा बाहेर जाणारी उष्णता मात्र मुख्यतः वहनाने, म्हणजे पदार्थाच्या आतून एका भागाकडून दुसऱ्याकडे, प्रवास करते. फॉइल भिंतीला किंवा बोर्डाला चिकटलेली असेल, तर त्या बाजूने तिचे परावर्तन कामाचे राहत नाही. तीच शीट एखाद्या तापलेल्या पृष्ठभागाला टेकवून दाखवली असती, तर मागच्या हाताला ऊब लगेच जाणवली असती. असा प्रयोग कोणी दाखवू लागले, तर शीट टेकवून दाखवण्याचा आग्रह जरूर धरावा.

फॉइल हा पदार्थच निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. तिच्यासमोर सर्व बाजूंनी बंद असलेली हवेची पोकळी ठेवली, सांधे टेपने नीट बंद केले, तर तिचा काही प्रमाणात उपयोग होतो. परंतु आमच्याकडे तीही काळजी घेतलेली नव्हती. बोर्ड ज्यांवर ठोकतात त्या लोखंडी चॅनेलच्या मागची पोकळी वर छतापर्यंत उघडी होती, खाली फटी होत्या आणि त्यातून हवा मोकळेपणाने फिरत होती.

कोटेशनमध्ये ‘७५ मिमी बहुस्तरीय इन्सुलेशन प्रणाली, रॉकवूलसह’ असे शब्द होते. यातील ७५ मिमी म्हणजे रॉकवूलची जाडी नसून लोखंडी चॅनेलची खोली होती, हे त्याने नंतर वाद घालताना सांगितले. आणि ‘रॉकवूलसह’ या शब्दात किती क्षेत्रफळावर, किती जाडीचे आणि कोणत्या घनतेचे रॉकवूल, यातले काहीच येत नाही. सुदैवाने काम ठरवताना त्याने मोबाइलवर पाठवलेल्या संदेशात ‘सगळ्या भिंतींत ७५ मिमी रॉकवूल, घनता ४८’ असे स्पष्ट लिहिले होते.

काम सुरू झाले त्या दिवशी रॉकवूलचे काही स्लॅब दाराशी, सहज दिसतील असे रचून ठेवलेले होते. धूळ आणि तंतू घरात जाऊ नयेत म्हणून आतल्या दारावर जाड पडदा लावण्यात आला. हे कारण योग्यच आहे, कारण त्या तंतूंनी त्वचा आणि घसा खवखवतो. पण त्या पडद्याआड बोर्ड ठोकून, सांधे भरून, प्रायमरचा हात मारूनच तो बाजूला करण्यात आला. चॅनेलमध्ये माल भरलेला आहे आणि बोर्ड अजून बसलेले नाहीत, ही अवस्था आम्हाला दाखवलीच गेली नाही.

थंडी पडल्यावर हीटर अखंड चालू ठेवूनही खोली उबदार होईना. बोर्डाच्या खालच्या कडेला ओलसर डाग उमटू लागले, कारण खोलीतील दमट हवा सांध्यांतून मागे जाऊन थंड विटांवर तिचे पाणी होत होते. आम्ही मेन स्विच बंद करून एका सॉकेटची पट्टी काढून पाहिली, तर आत रॉकवूल व्यवस्थित भरलेले दिसले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सॉकेटमागेही तेच. जिथे घरमालक उघडून पाहण्याची शक्यता असते, नेमक्या त्याच जागा त्याने भरल्या होत्या, आणि या फसवणुकीतला मला सर्वांत चीड आणणारा भाग हाच आहे.

खरी स्थिती थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे पृष्ठभागाच्या तापमानातील फरक चित्रात दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने, उघड झाली. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात साधारण १० अंशांचा फरक असला की अशी तपासणी विश्वासार्ह होते, म्हणून ती थंडीतल्या पहाटे करून घेतली. चित्रात सॉकेटभोवतीचे चौकोन उबदार आणि उरलेली भिंत सलग थंड दिसत होती. त्यानंतर बोर्डाला तीन वेगवेगळ्या ठिकाणी गोल छिद्रे पाडली, आणि प्रत्येक छिद्रातून मोजपट्टी सरळ विटेपर्यंत गेली.

यात नेमके किती नुकसान होते, ते आकड्यांत पाहावे. मीटरमधील जाडीला पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागले की त्याचा उष्णतारोध मिळतो. रॉकवूलची वाहकता सुमारे ०.०३६ धरली, तर ७५ मिमी जाडीचा रोध २ च्या आसपास येतो. ११५ मिमीच्या विटेच्या भिंतीचा रोध जेमतेम ०.१५ ते ०.२ असतो, आणि ४ मिमीच्या बबल शीटचा स्वतःचा रोध त्याहूनही कमी.

माल पुरेसा आला आहे का, हे ओळखणे अवघड नाही. १२०० गुणिले ६०० मिमीचा एक स्लॅब ०.७२ चौरस मीटर जागा व्यापतो. म्हणजे ४० चौरस मीटर भिंतीला ५६ स्लॅब लागतात. घनता ४८ किलो प्रति घनमीटर असेल तर त्यांचे वजन १४० किलोच्या पुढे जाते आणि त्यांना ३ घनमीटर जागा लागते. इतका माल डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. वेष्टनावरील जाडी आणि घनता कोटेशनशी ताडून पाहावी, चॅनेलमध्ये भरलेल्या मालाचे मोजपट्टीसह फोटो प्रत्येक भिंतीचे घ्यावेत, आणि ते घेतल्याशिवाय एकही बोर्ड बसवू देऊ नये. पैशांचा मोठा हप्ता याच टप्प्याला बांधून ठेवावा.

गॅरेजच्या बाबतीत आगीचा मुद्दा वेगळा आणि अधिक गंभीर आहे. रॉकवूल जळत नाही. बबल शीटमधील पॉलिथिलीन जळते. जिथे गाडी, इंधन आणि रंगाचे डबे असतात, तिथे घर आणि गॅरेज यांच्यामधल्या भिंतीत न सांगता असा बदल करणे म्हणजे घरात झोपणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात घालणे आहे. ती भिंत आम्ही सर्वांत आधी उघडली आणि दुसऱ्या कारागिरांकडून आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरून घेतली.

कंत्राटदाराने पैसे परत देण्यास नकार दिला आहे. आमच्या ग्राहक तक्रारीत त्याचा तो संदेश, कोटेशन, पावती, थर्मल चित्रे, छिद्रांतून घेतलेली मोजमापे आणि काढलेल्या शीटचा तुकडा जोडला आहे. तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे.