आठ प्लग, दोन गेज आणि अकरा महिने: होंडा सिटी झेडएक्सचा अनुभव

गाडी २००६ ची होंडा सिटी झेडएक्स, १४९७ सीसीचं आय-डीएसआय इंजिन, रनिंग १ लाख ४२ हजार. गेल्या दिवाळीनंतर घरच्या अंगणात मी पहिल्यांदा तिचे सगळे स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) स्वतः बदलले. त्याला आता अकरा महिने झाले आणि गाडी तेवढ्यात साधारण ११ हजार किलोमीटर चालली. प्लग एनजीकेचे, बीकेआर६ई-११, साधे निकेलचे. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगतो: प्लग मॅन्युअल बघून घ्या, पण ग्यॅप, म्हणजे प्लगच्या टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, मात्र दुसऱ्या कुणाच्या शब्दावर सोडू नका.

या इंजिनाला सिलिंडर चार, पण प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला दोन, आणि प्रत्येक प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी स्वतंत्र कॉइल. वेग आणि लोड बघून दोन्ही प्लग एकत्र किंवा थोडे मागेपुढे पेटवले जातात. त्याचा एक तोटा कुणी सांगत नाही. चार प्लगच्या गाडीत एक प्लग खराब झाला की गाडी लगेच मिसिंग करते. इथे एक दमला तरी जोडीदार काम ओढून नेतो, त्यामुळे दोष महिनोन् महिने लपून राहतो. माझंही तेच झालं. साताऱ्याच्या रस्त्यांवर गाडी ठीक वाटायची, पण घरचे चौघे बसून यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की हलकेच दचके बसायचे. अ‍ॅव्हरेज पंधरावरून साडेतेरावर आलं होतं. गाडीचं वय झालं, असं मीच मनाला सांगत होतो.

खरं कारण पुढच्या काचेखालची प्लॅस्टिकची जाळी काढल्यावर कळलं. इंजिनाच्या पुढच्या बाजूचे चार प्लग सहज हाताला येतात. मागचे चार काचेच्या बाजूला दडलेले असतात. तिथे नीट पोहोचायचं तर वायपरचे हात आणि ती जाळी काढावी लागते. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजने माझ्याकडून आठ प्लगचे पैसे घेतले होते. बिल अजून फाइलमध्ये आहे. पुढचे चार निघाले ते तीन वर्षांचे वाटत होते. मागचे चार मात्र कुणी हात न लावलेले, कॉइलचे बोल्ट धुळीने माखलेले, आणि दोन प्लग तर पान्याला दाद देईनात. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पैशांपेक्षा जास्त याचं, की एवढी वर्षं मुलांना घेऊन त्या गाडीने घाट चढत होतो.

हे जुने प्लग मोजताना मी एक मोठी चूक करणार होतो. माझ्याकडे होता तो टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायचा चपट्या पात्यांचा फिलर गेज. मागच्या प्लगमध्ये तो १.१ ला अडकला. म्हणजे ग्यॅप बरोबर? मन मानेना. उन्हात धरून बघितलं तर वरच्या इलेक्ट्रोडला खालच्या बाजूने वाटीसारखा खळगा पडला होता. चपटं पातं त्या खळग्याच्या काठावर टेकतं, आतली खोली त्याला कळतच नाही. मग पुण्याच्या नाना पेठेतून तारेचा गेज आणला. गोल तार खळग्यात बसते. तोच प्लग १.३५ निघाला, शेजारचा १.४. या इंजिनाला हवा १.० ते १.१ मिलिमीटर. नवीन प्लगला चपटा गेज चालतो, पण वापरलेल्या प्लगला तारेचाच लागतो. नाण्यासारखा गोल, कडेने जाड होत जाणारा गेजही दुकानात मिळतो. तो मला अजिबात आवडला नाही. तो सरकवताना मधल्या इलेक्ट्रोडवर जोर पडतो, आणि इरिडियमचं बारीक टोक असेल तर ते मोडायला तेवढं पुरतं.

ग्यॅप वाढला की नेमका घाटातच त्रास का, हे समजलं तेव्हा दचक्यांचा उलगडा झाला. प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा कणभर धातू उडतो आणि अंतर वाढत जातं. अंतर जास्त, तर ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. त्यात पाय दाबून चढ चढताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबातल्या हवेतून ठिणगी पडणं आणखी अवघड. सपाटीवर कॉइल कसंबसं निभावते, चढावर तिचा जोर कमी पडतो. वरून त्या ताणाने कॉइलचं आयुष्य घटतं ते वेगळंच, आणि इथे कॉइल आठ आहेत. ग्यॅप फार कमी ठेवणंही चांगलं नाही. ठिणगी इवलीशी पडते, आयडलिंगला गाडी थरथरते.

आता निवडीबद्दल. प्लगचा नंबर एकदा वाचायला शिकलात की दुकानदार काहीही हातात देऊ शकत नाही. बीकेआर६ई-११ मध्ये बीके म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, शेवटचा ११ म्हणजे ग्यॅप १.१. मधला ६ हा हीट रेंजचा आकडा. इथे घोळ होतो. एनजीकेत आकडा लहान तर प्लग गरम, मोठा तर थंड. बॉशमध्ये नेमकं उलट. गरम प्लग म्हणजे जास्त ठिणगी देणारा प्लग नव्हे. तो टोकाची उष्णता हेडकडे (इंजिनाच्या ज्या वरच्या भागात प्लग बसतात तिकडे) हळू सोडतो, एवढाच अर्थ. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते, आणि ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटण्याचा धोका. कंपनीने ६ सांगितला असेल तर ६ च घ्या. ‘पिकअपसाठी एक नंबर वरचा’ हा सल्ला मला दोघांनी दिला. गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असेल तर तो ऐकू नका.

इरिडियमचा विचार मी बराच केला. एका प्लगला निकेलच्या चार-पाच पट पैसे, आणि ते गुणिले आठ. उलट बाजूने, मागची ओळ उघडणं म्हणजे अख्खी सकाळ, आणि इरिडियम निकेलच्या कितीतरी पट टिकतो. शेवटी निकेलच घेतले, कारण मला दर काही महिन्यांनी प्लग काढून बघायचे होते. वर्षाला २५-३० हजार चालणारी गाडी असती तर इरिडियम घेतले असते.

दुकानातल्या काकांनी आठ डब्या पुढे ठेवल्या आणि मी गेज काढला तर म्हणाले, “साहेब, नवीन प्लगला कशाला मापताय? कंपनीतूनच सेट होऊन येतो.” मी म्हटलं, “काका, पाच मिनिटं द्या.” सहा प्लग १.०५ ते १.१ मध्ये होते. एक १.१५. आठव्याच्या डबीचा कोपरा चेपला होता आणि ग्यॅप निघाला ०.८५. डबी कुठेतरी पडली असणार. काकांनी स्वतः तार घालून बघितली आणि न बोलता दुसरी डबी दिली. पडलेला प्लग वाकवून वापरता येतो, पण आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर गेली असेल तर ती दिसत नाही.

घरी मी पुढचे चार १.१ ला आणि मागचे चार १.० ला लावले. दोन्ही मापं मर्यादेतच आहेत, पण ग्यॅप वापराने वाढतच जाणार आणि मागची ओळ लवकर उघडायची नाही, म्हणून खालच्या मापापासून सुरुवात. कमी करायचा तर प्लग उभा धरून वरचा इलेक्ट्रोड लाकडी फळीवर हलकेच टेकवायचा, ठोकायचा नाही. वाढवायचा तर गेजवरच्या खाचेत तोच इलेक्ट्रोड धरून अलगद उचलायचा. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू द्यायचा नाही. तार किंचित घासत गेली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी. खडखडली तर जास्त, ढकलावी लागली तर कमी.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे ओरबाडले जातात. आधी हवा मारून प्लगच्या खड्ड्यांतली धूळ काढली. मग पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर खोचून बोटांनी आटे लावले. आटे आडवे लागायला लागले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. शेवटी टॉर्क रेंचवर १८ न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर वॉशर टेकेपर्यंत हाताने आणि पुढे अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस लावलं नाही; या प्लगच्या आट्यांवर आधीच लेप असतो, आणि ग्रीसमुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

त्याच आठवड्यात यवतेश्वर चढलो. दचके गेले. अ‍ॅव्हरेज पुढच्या तीन टाक्यांत पुन्हा पंधराच्या आसपास आलं, पंप तोच आणि रस्ताही तोच.

एप्रिलमध्ये पुढचे चार काढले. सगळ्यांचा रंग बदामी, काजळी नाही, ग्यॅप १.१२ च्या आसपास, पुन्हा १.१ केला. जुलैमध्ये मात्र आयडलिंग बिघडलं आणि कारण मीच होतो. जाळी बसवताना दोन क्लिपा मोडल्या होत्या, त्या तशाच सोडल्या. साताऱ्याच्या पावसात तिथून पाणी मागच्या एका कॉइलवर ठिबकलं. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ उमटली होती. ठिणगी आत पडायचं सोडून बाहेरूनच पळत होती. तो एक प्लग बदलला, कॉइलचं रबर सुकवून आतून पातळ डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावलं, आणि जाळीला तात्पुरती टेप मारली. त्याच वेळी मागचे बाकीचे तीनही मोजले: १.०३ ते १.०५.

आवाज आणि पिकअप आज अकरा महिन्यांनीही पहिल्या दिवसासारखा आहे. तारेचा गेज घेतला नसता तर मी १.३५ चा प्लग ‘ठीक आहे’ म्हणून परत बसवला असता, म्हणून पूर्ण खरेदीत सगळ्यात मोलाची वस्तू मी त्यालाच म्हणेन. जाळीच्या नव्या क्लिपा आणून ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर उन्हाचा दिवस बघून मागची ओळ पुन्हा उघडणार आहे.