उंदरांनी ठेवलं तेवढं वाचायचं: इंग्लंडच्या चर्चवह्यांबरोबर नऊ महिने

सासूबाईंच्या कपाटात एक जुनं बायबल आहे. त्याच्या कोऱ्या पानावर सहा जन्मतारखा लिहिल्यात, सगळ्यात जुनी 1838 ची. "याच्या आधीचं कुणालाच ठाऊक नाही," हे वाक्य मी लग्नानंतर दर नाताळात ऐकत आले. मी नाशिकची. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये आडनाव नि गाव विचारतात, चोपडी काढतात आणि पणजोबांच्या सहीवर बोट ठेवतात. त्यामुळे मला वाटलं, इंग्रजांचं तर सगळंच कागदावर असतं, महिन्याभरात होईल. एका संकेतस्थळाची वर्गणी भरली आणि इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या सासरच्या मूळ गावाच्या मागे लागले.

पहिला टप्पा खरंच सोपा निघाला. 1837 च्या जुलैपासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आहे, 1841 पासून खानेसुमारीत माणसांची नावं मिळतात. दोन शनिवार-रविवार पुरले. (1841 मध्ये मोठ्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. तिथे दिसणारा पस्तीस वर्षांचा माणूस एकोणचाळीसचाही असू शकतो.) 1813 पासूनच्या चर्चच्या बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्या छापील रकान्यांच्या आहेत. बाप्तिस्म्यात बापाचा धंदासुद्धा असतो. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या एकच: शेतमजूर. 1754 पासून लग्नांचे छापील नमुने आले, त्यात नवरा-नवरीची सही किंवा फुली असते. आमच्या घरच्या सगळ्या फुल्याच. एक फुली इतकी थरथरती आहे की सासूबाई ती बराच वेळ बघत बसल्या.

त्याच्या मागे गेलं की सगळं पाद्र्याच्या मर्जीवर. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये दर पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, वही ठेवायला लावली. 1598 मध्ये हुकूम निघाला की नोंदी चर्मपत्रावर उतरवा आणि दर वर्षी त्यांची एक नक्कल बिशपकडे पाठवा. या नकलेचा उल्लेख मी सुरुवातीला वाचून सोडून दिला होता. तिथेच चुकले.

आमच्या गावची वही ओलीत राहिलेली. तीन कुलपांच्या पेटीत ठेवायचा नियम होता, पण पेटी दगडी भिंतीला टेकलेली असली तर कुलपं काय करणार? पानांचे खालचे कोपरे उंदरांनी नेलेत, मधे पाण्याचा तपकिरी डाग. शाई मायफळ आणि हिराकस यांची. हो, बाळगुटीतलंच मायफळ. ही शाई लिहिताना फिकी असते, मग काळी होते आणि शतकांनी पुन्हा तांबूस पडते. चर्मपत्रावरून तिचे पोपडे निघतात, कागदावर असेल तर ती कागदच खाते. त्यात आपल्याला पडद्यावर दिसतं ते बहुतेक वेळा जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेलं काळं-पांढरं चित्र. तपकिरी डागावरची तांबूस शाई त्यात विरघळून जाते. चित्र उलट्या रंगात करून, उठाव वाढवून फिकी अक्षरं बरीच वाचता आली. डागाखालच्यांवर काही उपाय चालला नाही.

शोधखिडकीबद्दल मात्र रागानेच लिहिते. आमच्या आडनावात एम, एन, यू आणि आय शेजारी शेजारी येतात. जुन्या हस्ताक्षरात ही सगळी अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या दांड्या. संकेतस्थळाच्या सूचीत त्या एका आडनावाची पाच आडनावं झाली आहेत. दुरुस्ती कळवली, चार महिने उत्तर नाही, पण वर्गणीचं नूतनीकरण मात्र न विचारता वेळेवर झालं. तेव्हापासून मी नाव टाकून शोधणं सोडलंय. गावची वही उघडते आणि पान-पान वाचते. वेळ लागतो, पण शेजारीपाजारी, साक्षीदार, कुणाच्या घरी एका आठवड्यात तीन दफनं, हे सगळं सोबत कळतं. पैसे न भरता करायचं असेल तर फॅमिली सर्च या संकेतस्थळावर वह्यांच्या पानांची पुष्कळ चित्रं आहेत आणि फ्रीरेग या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी.

अक्षर वाचायची एक युक्ती सांगते. आजोबा मोडी वाचायचे. अडलं की ते त्याच लेखकाच्या हातचा, ठाऊक असलेला शब्द कागदपत्रात दुसरीकडे हुडकायचे. मी तेच केलं. महिन्यांची नावं, 'मुलगा', 'मुलगी', 'बाप्तिस्मा' हे शब्द पानोपानी येतात, त्यावरून त्या एका पाद्र्याची बाराखडी वहीत काढून घेतली. नावंही मोजकीच असतात: जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ, ॲन. 1660 च्या मागचं वळण मात्र वेगळंच आहे, ई उलटा, एच ओळीखाली लोंबणारा. त्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे फुकटचे धडे आहेत, तेच गिरवतेय.

आता जॉनची गोष्ट. फेब्रुवारी 1740, बाप्तिस्मा, 'जॉन, मुलगा', पुढे उंदीर. ओळीच्या शेवटी 'आणि मेरी' एवढंच उरलंय. बापाचं नाव नाही, आडनावाची फक्त शेपटी. तीन आठवडे मी त्या शेपटीवर घालवले. शेवटी नकला आठवल्या. नॉरफोकमध्ये काही वर्षांची नक्कल आर्चडीकनकडे (बिशपच्या हाताखालचा अधिकारी), काहींची बिशपकडे जायची, आणि त्या आता नॉरफोकच्या मुख्य शहरात, नॉरिचच्या दप्तरखान्यात आहेत. (1 ऑगस्ट 1994 ला नॉरिचचं मध्यवर्ती ग्रंथालय जळालं तेव्हा हे दप्तर त्याच इमारतीच्या तळघरात होतं. वर आग, खाली पाणी, तरी वाचलं.) त्या वर्षाची नक्कल शाबूत होती: विल्यम आणि मेरी, आडनाव पूर्ण. तारखेत दोन दिवसांचा फरक, कारण नक्कल वर्षातून एकदा, घाईत उतरवायची.

मी आनंदाने सासूबाईंना दाखवलं. त्यांनी विल्यम-मेरीच्या लग्नाची नोंद बघितली: जून 1740. पोर फेब्रुवारीतलं, लग्न जूनमधलं! त्या गालात हसल्या. मग मी वाचून काढलं की 1752 पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. आपला पाडवाही त्याच सुमाराला, म्हणून मला हे चटकन पटलं. म्हणजे फेब्रुवारी 1740 हा जून 1740 च्या नंतर येतो, आपल्या हिशेबाने 1741. सासूबाईंनी बोटं मोजली. "तरी आठच महिने," म्हणाल्या.

आणि एवढं करून तो जॉन आमचा नव्हताच. दफनांची पानं मी सगळ्यात शेवटी उघडली, तिथे मे 1741 मध्ये 'जॉन, विल्यमचा लहान मुलगा' आहे. 1743 मध्ये त्याच घरात पुन्हा जॉनचा बाप्तिस्मा. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची तिथे सर्रास पद्धत होती. आमचा वंश या दुसऱ्या जॉनचा, आणि त्याची नोंद चांगल्या पानावर, ठसठशीत अक्षरात. लोकांनी जालावर टाकलेल्या तीन वंशवृक्षांत मात्र पहिला जॉन लग्न करून सात मुलांचा बाप झालेला आहे. कुणीही दफनाची वही उघडली नव्हती. मीही आधी उघडली नव्हती, म्हणून फार बोलत नाही.

ज्यांचे पूर्वज क्वेकर किंवा बाप्तिस्त, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथांचे होते त्यांना या वह्यांत फारसं हाती लागणार नाही, त्यांच्या नोंदी वेगळ्या. आणि इंग्लंडमधल्या राजा-संसद यादवी युद्धाच्या सुमारास, 1642 ते 1660, बऱ्याच गावांच्या वह्यांत खिंडार आहे. आमच्याही. तिथे उंदरांचा दोष नाही, कुणी लिहिलंच नाही, आणि बिशपकडे नकलाही पाठवल्या गेल्या नाहीत.

वर्गणी या महिन्यात बंद करायची ठरवली होती. परवा चहा पिताना सासूबाईंनी विचारलं, "त्या मेरीचं माहेर कुठलं गं?" लग्नाच्या नोंदीत तिचं गाव शेजारच्या पॅरिशचं आहे. त्या पॅरिशची वही पुराच्या पाण्यात भिजलेली आहे म्हणे. अजून एक महिना भरलाय.