सिव्हिलच्या पोरांनी कुठलं सदस्यत्व घ्यावं?

एमएससाठी अमेरिकेत निघालेली अमरावती-यवतमाळकडची पोरं हमखास विचारतात, 'काय एप्सिलॉन' (Chi Epsilon) या संस्थेचं सदस्यत्व घ्यायचं का? ते मागून मिळत नाही, बोलावणं यावं लागतं. १९२२ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली सिव्हिल इंजिनिअरिंगची ही सन्मान संस्था. पदवीच्या वर्गात गुणांनी वरच्या एक-तृतीयांशात असणाऱ्यांचाच विचार होतो आणि निवड त्या विद्यापीठातली शाखा करते. विद्वत्ता, चारित्र्य, व्यवहारज्ञान आणि माणसांत मिसळणं, असे चार निकष आहेत. प्रवेशशुल्क भरलं की सदस्यत्व आयुष्यभराचं.

बोलावणं आलं तर बेशक घ्या. तिकडच्या सिव्हिल कंपन्यांत हे नाव ओळखीचं आहे, आणि गुणांच्या पलीकडचंही कोणीतरी पाहिलंय हे त्यातून कळतं. मात्र या संस्थेच्या शाखा अमेरिकेतल्या विद्यापीठांत असतात. पुसदला किंवा शेगावला बसलेल्या पोराला एखाद्या 'ऑनर सोसायटी'चा ईमेल आला, 'तुमची निवड झाली, आठ दिवसांत पैसे भरा', तर आधी विभागप्रमुखांना विचारा. खरी निवड विभागातल्या शाखेमार्फत होते. विभागाला पत्ताच नसेल तर एक रुपया भरू नका. घरी शेतीच्या उत्पन्नावर फी भरली जात असताना असल्या प्रमाणपत्रावर पैसे जाणं फार वाईट.

आपल्याकडे हाताशी आहेत त्या विद्यार्थी शाखा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची, मुख्यालय कोलकात्याला. इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट १९८२ सालची, मुख्यालय चेन्नईला. इथे गुणांची चाळण नाही, फी भरली की नाव लागतं. त्यामुळे सदस्यत्वाची किंमत कॉलेजातली शाखा ठरवते. इंजिनिअर्स डेला १५ सप्टेंबरला हार, भाषण, फोटो आणि वर्षभर कुलूप, अशी शाखा असेल तर फी वाचवा. भरण्याआधी समन्वयक सरांना दोनच गोष्टी विचारा: मटेरियल टेस्टिंगची लॅब तासांनंतर उघडून मिळते का, आणि मागच्या वर्षीचं नोंदवहीतलं काम दाखवता का?

चांगली शाखा काय करते, ते काळ्या मातीवरून सांगतो. विदर्भातली निम्मी भांडणं 'भिंतीला भेग का गेली' यावर होतात आणि मिस्त्रीच्या माथी दोष जातो. खरं तर काळी माती पाण्याने फुगते. ती किती फुगते हे सांगणाऱ्या फ्री स्वेल चाचणीला खर्च जवळजवळ नाही. पायाच्या खोलीची माती ओव्हनमध्ये सुकवा, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. १०-१० ग्रॅम दोन १०० मिलीच्या मापनळ्यांत घाला. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीने हलवून हवेचे बुडबुडे काढा आणि किमान २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या आकारमानातून रॉकेलमधलं वजा करा, रॉकेलमधल्याने भागा, शंभराने गुणा. बुडबुडे राहिले की आकडा चुकतो, ढेकळं राहिली तरी चुकतो. गावात रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून लॅबलाच लिटरभर ठेवायला सांगा. घरकुलाचा खड्डा खणलेला असताना हा आकडा मालकाच्या हाती पडला, तर पाया किती खोल न्यायचा आणि खाली मुरूम भरायचा का, हे बोलणं वेळेत होतं.

दुसरं काम क्यूबचं, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा मशिनमध्ये दाबून त्याची ताकद तपासण्याचं. १५० मिमीचा साचा, आतून तेल, बोल्ट घट्ट. बोल्ट ढिले राहिले की सिमेंटचं पाणी गळतं आणि कडा पोकळ निघतात. सुमारे ५० मिमीचे तीन थर, हाताने ठोकताना प्रत्येकाला १६ मिमी सळईचे ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलून क्यूब पाण्यात. आता आपल्याकडची अडचण: पाणी २७ अंशाच्या आसपास हवं आणि मे महिन्यात उन्हातली टाकी चांगलीच तापते. गरम पाण्यात सात दिवसांचा आकडा छान येतो, २८ दिवसांचा मात्र खाली येऊ शकतो. टाकी सावलीत ठेवा, ओली पोती टाका, रोज तापमान लिहा. मशिनमध्ये क्यूब आडवा करून ठेवायचा. थापीने गुळगुळीत केलेली बाजू दाबाच्या प्लेटला लागली की आकडा बिघडतो. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिमीला २० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट, म्हणजेच एका क्यूबवर ४५० किलोन्यूटन. तीन क्यूबांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त भरकटला, तर नमुनाच संशयाचा.

स्पर्धा, व्याख्यानं, टी-शर्ट यांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. नागपूरला मोठा कार्यक्रम असला की पोरांची परतीची एसटी चुकते, तेव्हा येण्या-जाण्याचा खर्च आणि वेळ शाखा बघते का, एवढं विचारून घ्या. खेड्यातल्या मुलींच्या घरून परवानगी बहुतेक त्यावरच मिळते.

सदस्य व्हायचं तर दुसऱ्या वर्षाला व्हा. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आणि कॅम्पसच्या धावपळीत लॅबला वेळ उरत नाही. प्रत्येक चाचणीची तारीख, जागा, आकडा आणि सरांची सही आपल्या वहीत घ्या. मुलाखतीला प्रमाणपत्राबरोबर ही वहीही न्या.