समुपदेशन केंद्र चांगले, पण समेटाची घाई नको
रायगड किनाऱ्यावरील एका तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात कातकरीवाडीतील एका ओळखीच्या बाईंसोबत जाण्याचा प्रसंग आला. समुपदेशक ताईंनी नवऱ्याला बाहेर बसवून बाईंचे म्हणणे सलग ऐकले आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे कसे जायचे तेही समजावले, ही जमेची बाजू. (बाहेर बाक मात्र एकच, त्यामुळे आधी दोघे त्यावरच शेजारी!) पुढे गावकीच्या पुढाऱ्यांनी समेटाचा कागद सरकवताच बाईंचा आवाज बसला, आणि पुढाऱ्यांना कोणी थांबवले नाही. पुनर्स्थापक न्यायाबाबत, म्हणजे पीडित, आरोपी आणि समाजातील माणसे वर्तुळात एकत्र बसवून झालेले नुकसान भरून काढण्याच्या पद्धतीबाबत, कॅनडा-ऑस्ट्रेलियातील आदिवासी स्त्रियांनीही हीच भीती मांडली आहे, कारण वर्तुळात बसणारे सगळे सारख्या ताकदीचे नसतात. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची तक्रार असल्यास मात्र थेट पोलीस ठाणे गाठावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात गावकीच्या तडजोडीला जागा नाही.