वेगांची बेरीज: गॅलिलिओची आणि आइनस्टाइनची

ट्रेन ताशी 100 किमीने चाललीय, डब्यात कोणीतरी पुढच्या दिशेला ताशी 30 ने चेंडू फेकला, तर प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला तो 130 ने जाताना दिसणार, ही गॅलिलिओची सरळ बेरीज आणि रोजच्या कामाला ती पुरते. पण चेंडूच्या जागी टॉर्च लावला की गाडी अडते! डब्यातल्याने मोजा नाहीतर प्लॅटफॉर्मवरच्याने, उजेडाचा वेग सेकंदाला 2,99,792 किमीच. 1964 ला सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जवळपास प्रकाशाच्याच वेगाने पळणाऱ्या पायॉन या अणूहूनही बारीक कणांमधून निघालेल्या गॅमा किरणांचा (हाही एक प्रकारचा प्रकाशच) वेग मोजला, तर दुप्पट नाही, तेवढाच भरला. मला तर हे वाचून अजूनही काटा येतो.

आइनस्टाइनने 1905 मध्ये बेरीजच बदलली. आधी नेहमीसारखं मिळवायचं, मग दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, त्यात 1 मिळवून जे येईल त्याने भागायचं. म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा अर्धा अधिक अर्धा म्हणजे प्रकाशाचा पूर्ण वेग होत नाही, त्याच्या 0.8 पट होतो. ट्रेनच्या वेगाला हा फरक इतका बारीक की 130 चे 130 च राहतात, म्हणून गॅलिलिओ चुकला असं मी तरी म्हणणार नाही. फक्त आइनस्टाइनची बेरीज घेतली की डब्यातल्याची आणि प्लॅटफॉर्मवरच्याची घड्याळं आणि फूटपट्ट्या एकमेकांशी जुळत नाहीत, हे मान्य करावं लागतं.